गायनाने उघडलेली दारे

शास्त्रपाठ : प्रे. कृत्ये १६:१९-३४, नहेम्या ५:१-१३.
पाठाचा हेतू : आपल्या गायनाचे फळ कोणाच्या पदरात पडावे, याचा विचार करणे.

नाताळ जवळ आला की पांढुर्णा व सौसर भागातील आम्हां लोकांत गायनवर्गाची तयारी सुरू होते. पेट्या बाहेर निघतात, तबले सुरात लावले जातात आणि त्याबरोबर एक जुना वादही डोके वर काढतो. तरुण म्हणतात, गावातील सभागृहात तिकीट लावून भक्तिगीतांचा कार्यक्रम करू. वडीलजन म्हणतात, उपासनेची गीते उपासनेतच शोभतात. त्यांचा जलसा कशाला? या वादात आम्ही आजवर दोन्ही बाजूंनी बोललो आहोत. म्हणून या पाठात अशाच एका कार्यक्रमाची हकीकत पाहू.

डब्लिनचे सभागृह

१७४१ साली लंडनमध्ये जॉर्ज फ्रिडरिक हँडेल या संगीतकाराने 'मसाया', म्हणजे मशीहा, ही रचना २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या चोवीस दिवसांत लिहून काढली. तिचे सर्व शब्द शास्त्रातील आहेत. चार्ल्स जेनेन्स या गृहस्थाने वचने निवडून ती जुळवली होती. अशा रचनेला ओरॅटोरिओ म्हणतात. वाद्यवृंद, एकट्याने गाणारे गायक आणि मोठा गायकवृंद मिळून ती सादर करतात. तीत वेषांतर नसते, अभिनय नसतो.

तिचा पहिला जाहीर कार्यक्रम १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडातील डब्लिन शहरी, फिशॅम्बल स्ट्रीटवरील नव्या सभागृहात झाला. आपला वाद तेव्हा तेथेही होता! सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांनी आपल्या गायकांनी असल्या सभागृहात गाण्यास आरंभी मनाई केली होती. पुढे तो विरोध मावळला आणि शहरातील दोन्ही कॅथेड्रलांचे गायक एकत्र उभे राहिले.

सभागृहात सुमारे सहाशे माणसे बसत. अधिक लोकांस जागा व्हावी म्हणून आगाऊ विनंती छापली गेली की, स्त्रियांनी घेरदार झग्याखालचे कडे घालू नये व पुरुषांनी तलवार लावून येऊ नये. लोकांनी ते मानले आणि सुमारे सातशे श्रोते मावले. वाचकहो, येथे क्षणभर थांबू. प्रत्येकाने आपला थोडा डौल घरी ठेवला, म्हणून शंभर माणसांना जागा झाली.

गाणाऱ्यांचीही रीत तीच. आपल्या भजनात एक सांगतो व बाकीचे तेच झेलतात. गायकवृंदात मात्र उंच व खालचे असे चार आवाज असतात आणि प्रत्येकाची चाल निराळी असते. एक आवाज पुढे येतो तेव्हा दुसरा मात्रा मोजत गप्प राहतो. ज्याला गप्प राहता येत नाही, तो कितीही गोड गळ्याचा असला तरी गाणे मोडतो.

जे ऐकावयास नव्हते

त्या दिवशी सुमारे चारशे पौंड जमले. ते दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी यांच्या मदतीत सारखे वाटले गेले. त्या काळी कर्ज न फिटल्यास माणसाला कोंडून ठेवीत. कोंडलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा? अशा १४२ कैद्यांची या पैशाने सुटका झाली. त्यांनी ते संगीत ऐकले नव्हते, तरी गाण्याचा खरा अर्थ त्यांच्या दाराशी पोहोचला.

फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला मध्यरात्री गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते. मग दारे उघडली. तेथे बंदिवानच गात होते. डब्लिनात मोकळ्या माणसांनी बंदिवानांसाठी गायले. हँडेलने पुढे १७५० पासून लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमासाठीही हीच रचना वारंवार सादर केली. आपल्या देशातही १९५२ साली व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन आले, तेव्हा मुंबई व इतर शहरांतील कार्यक्रमांचे उत्पन्न त्यांनी पंतप्रधानांच्या मदतनिधीस दिले.

आपल्यासाठी

कापूस आणि संत्री पिकवणाऱ्या आपल्या भागात कर्ज ही काही दूरची गोष्ट नव्हे. हाती आलेला पैसा दाराबाहेर उभ्या असलेल्या देणेकऱ्याकडे जातो, आणि त्या घरातील मुलांसाठी नाताळ तसाच निघून जातो. कार्यक्रम करावा की नाही, यापेक्षा तो कोणासाठी करावा, हे आधी ठरवले तर आमचा वाद पुष्कळसा मिटेल असे वाटते. जमेचा हिशेब मंडळीपुढे वाचावा; मात्र ज्यास मदत द्यावयाची त्याचे नाव पाळक व वडील यांच्यातच राहावे. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

पण एवढ्यावर थांबू नये. १४२ जण सुटले, तरी कर्जाचा तुरुंग तसाच राहिला. नहेम्याने वर्गणी गोळा केली नाही. त्याने सावकारी करणाऱ्या आपल्याच बांधवांना समोर उभे केले आणि शेते, द्राक्षमळे व व्याज परत करावयास लावले. आपल्या पुढच्या बाकावर बसून उंच स्वरात गाणारा कोणी आपल्याच भावाकडून जबर व्याज घेत असेल, तर त्याचे गाणे दार उघडीत नाही, बंद करते.

शिक्षकांसाठी प्रश्न

१. दारे उघडल्यावर पौल व सीला पळून का गेले नाहीत?
२. डब्लिनच्या श्रोत्यांप्रमाणे, दुसऱ्यास जागा व्हावी म्हणून आपण काय घरी ठेवू शकतो?
३. आपल्या वर्गातील मुलांनी यंदाच्या नाताळात कोणासाठी गावे?

फिशॅम्बल स्ट्रीटवरील ते सभागृह आता उरलेले नाही. गाणेही त्या दिवशी गाऊन संपले. परंतु १४२ माणसे आपापल्या घरी गेली. आमच्या यंदाच्या गाण्यानंतर एक जरी घर निश्चिंत निजले, तरी ते गायन प्रभूस मान्य झाले असे आम्ही समजू.