पुनर्जन्म आणि पुनरुत्थान

पेपर एप्रिलमध्ये होता. तासगावात ते दिवस बेदाण्याच्या गडबडीचे. शेडवर जाळीच्या रॅकवर द्राक्षं वाळत असतात आणि तयार माल सौद्याला न्यायची घाई असते. एम.ए. तत्त्वज्ञानाला बाहेरून बसलेली ती मुलगी दिवसभर बेदाणा निवडायची आणि रात्री गाइड वाचायची. विषय होता धर्मांचा तौलनिक अभ्यास, आणि त्यात मोठा भाग बौद्ध व ख्रिस्ती श्रद्धांचा. बुद्धवंदना तिला लहानपणापासून पाठ होती. त्यामुळे अर्धा पेपर हातचाच आहे, असं ती धरून चालली.

सहा गुण कमी पडले आणि ती नापास झाली.

तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. एका वाक्याखाली लाल रेघ होती: ‘मृत्यूनंतर पुन्हा जीवन मिळते हे दोन्ही धर्म मानतात, बौद्ध त्यास पुनर्जन्म म्हणतात, ख्रिस्ती पुनरुत्थान.’ समासात नुसतं प्रश्नचिन्ह. ‘ते बघून आधी राग आला,’ ती सांगते. ‘दोन्ही शब्द ‘पुनर्’नेच सुरू होतात, मग चुकलं कुठं? हे कळायला मला दोन महिने लागले.’

चूक मोठी होती. पुनरुत्थान एकदाच व्हायचं आणि तेही देहासकट, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. येशू तिसऱ्या दिवशी उठला, तसे शेवटी सगळे मृत उठतील. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय जवळजवळ सगळा याच विषयावर आहे. जन्ममरणाचा फेरा त्यात नाही. उलट, बौद्ध परंपरेत फेरा आहे, पण त्यातून फिरणारा कायमचा आत्मा नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात राजा मिलिंद नेमकं हेच विचारतो आणि भिक्खू नागसेन त्याला एका दिव्यावरून लावलेल्या दुसऱ्या दिव्याचा दाखला देतो. दुसऱ्या दिव्याची ज्योत पहिलीच आहे असं म्हणता येत नाही आणि पहिलीशी तिचा संबंध नाही असंही नाही. हा एक दाखला नीट समजून घेतला असता, तर ते वाक्य तिच्या हातून उतरलंच नसतं.

दुसरी चूक तिच्या घरच्या माहितीतूनच आली होती. प्रश्न थेरवादातील चार आर्यसत्यांवर होता. तिने उत्तर लिहिलं डॉ. आंबेडकरांच्या मांडणीचं, पण नाव न घेता. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झाला. ही आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणीतली आहेत की मागाहून आली, असा प्रश्न त्यांनी प्रस्तावनेतच विचारला आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणही ते चार दृश्यांत शोधत नाहीत, तर शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादात शोधतात. हे विचार उत्तरात यायलाच हवेत. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने ते गाळले, तर तो आपल्याच जवळचं धन टाकून देतो. पण आधी थेरवाद काय सांगतो ते लिहावं, मग ‘आंबेडकरांच्या मते’ असं म्हणून ही मांडणी द्यावी.

ख्रिस्ती भागाची तयारी तिने दुसऱ्या खेपेला मिरजेत केली. तिथलं वानलेस रुग्णालय 1894 सालचं, मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी उभारलेलं, आणि त्या मिशनच्या परंपरेतली मराठी ख्रिस्ती कुटुंबं आजही तिथं राहतात. एका रविवारी ती मैत्रिणीबरोबर उपासनेला गेली आणि नंतर पाळकसाहेबांना तासभर प्रश्न विचारत बसली. कॅथलिक सात संस्कार मानतात. प्रॉटेस्टंट मात्र बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच. गाइडमध्ये सरसकट ‘ख्रिस्ती मानतात’ असंच छापलेलं होतं.

‘अवतार’ या शब्दाचा गुंताही तिथंच सुटला. मराठी माणसाच्या कानात दशावतार घुमत असतात. ख्रिस्ती श्रद्धेत देवाने देह धारण केला तो एकदाच, म्हणून ती आता उत्तरात ‘देहधारण’ लिहिते. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, त्यांनी अभंगही लिहिले. ते ओळखीचे वाटतात आणि मन ओढून घेतात. पण ज्याला परीक्षेत सिद्धान्त लिहायचा आहे, त्याने टिळकांच्या अभंगांसोबत निकियाचा विश्वासांगीकारही वाचायला हवा. त्याचा उगम इसवी सन 325 च्या परिषदेत आहे आणि त्यात त्रैक्याची मांडणी थोडक्यात सापडते.

बौद्ध भागासाठी ती कराडजवळच्या आगाशिवच्या लेण्यांत गेली. डोंगर चढून चैत्यगृहात स्तूपासमोर उभं राहिल्यावर, मूर्तीशिवायही बुद्धवंदना कशी होत असेल हे तिला प्रथमच जाणवलं. पुस्तकात हे तिने चारदा वाचलं होतं.

आता तासगावातली मुलं तिला विचारायला येतात, ‘ताई, कुठल्या नोट्स वाचू?’ ती आधी एक वही काढायला लावते. पानावर तीन रकाने आखायचे: मराठी शब्द, बौद्ध अर्थ, ख्रिस्ती अर्थ. एखादा अर्थ सापडला नाही, तर तो रकाना कोराच ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. ‘आत्मा’ लिहिला की एका बाजूला अनात्मवाद येतो, दुसऱ्या बाजूला पवित्र आत्मा. ‘पाप’ लिहिलं की एका बाजूला अकुशल कर्म, दुसऱ्या बाजूला देवाशी तुटलेलं नातं. ‘मुक्ती’ लिहिली की एकीकडे स्वतः चालायचा अष्टांगिक मार्ग, दुसरीकडे ख्रिस्ताच्या कृपेने मिळणारं तारण. तुलनेचं वाक्य दोन्ही रकाने भरल्यावरच लिहायचं, हा तिचा हट्ट असतो.

तिच्या स्वतःच्या वहीत ‘प्रार्थना’ या शब्दापुढचा बौद्ध रकाना अजून कोरा आहे. त्यात पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: ‘विहारात भंतेजींना विचारायचं.’