अंगठा लावणारी सासू मृत्युपत्र वाचते तेव्हा

आमच्या मालिकेतली सासू निरक्षर होती. बँकेत अंगठा लावण्याचा तिचा सीन पहिल्याच आठवड्यात गेला होता आणि मृत्युपत्राचं सगळं रहस्य त्यावरच उभं होतं. पुढे टीआरपी घसरला. ‘सासू अगदीच गरीब गाय आहे’ अशा प्रतिक्रिया आल्या. चॅनेलने हुकूम सोडला, सासू खलनायिका करा. ती मध्यरात्री कपाट उघडून मृत्युपत्र वाचते.

मी म्हटलं, तिला वाचता येत नाही. आधी नातीकडून अक्षरं शिकताना दाखवू, मग हवं ते वाचू दे. मेलही केला. उत्तर आलं, ‘प्रेक्षक एवढं लक्षात ठेवत नाहीत.’

भाग गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याजवळच्या मांजरीच्या उपबाजारात मेथीची जुडी हातात देता देता ओळखीच्या मावशींनी विचारलं, “दादा, ती बाई तर अंगठा लावत होती ना? रातोरात वाचायला कशी लागली?” मी गप्प उभा राहिलो. काय सांगणार? श्रेयनामावलीत नाव माझं होतं. पुढे आकडे आणखी पडले, तेव्हा ‘संवादांत दम नाही’ म्हणून मलाच काढलं. हुकूम देणारे जागेवरच आहेत.

नव्या लेखकांनो, तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगतो.

‘कंटाळा आला’ आणि ‘असं कसं?’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी दोन-तीन आठवडे थांबा. आयपीएल चालू असेल तर आकडे तसेही हलतात. दुसरी मात्र त्याच आठवड्यात निस्तरा. टीआरपी मोजणाऱ्या बार्कचे गुरुवारचे आकडे किती जणांनी पाहिलं ते सांगतात, का सोडलं ते सांगत नाहीत.

प्रेक्षकाला कुठे खुपतंय ते ऐका, उपाय त्याच्याकडून घेऊ नका. ‘तुला पाहते रे’मधला विक्रांत सरंजामे खलनायक निघाला तेव्हा कितीजण हळहळले; तरी मालिका कथेप्रमाणे गेली आणि 2018च्या ऑगस्टमध्ये सुरू होऊन 2019च्या जुलैत संपली. ‘रात्रीस खेळ चाले’च्या 2016च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईकांचं मरण दाखवलं होतं. त्याआधीची कथा सांगणाऱ्या 2019च्या दुसऱ्या पर्वात तेच अण्णा घराघरांत पोचले, पण लोकांना आवडले म्हणून ते मरण पुसता येणार नव्हतं. उलट, ‘होणार सून मी ह्या घरची’तलं जान्हवीचं लांबलेलं बाळंतपण लोक अजून विसरलेले नाहीत.

पात्रांची वही ठेवा: वय, शिक्षण, नातं, कुठलं गुपित कोणाला ठाऊक. लेखक बदलला की वहीही पुढे गेली पाहिजे. रोज एक भाग द्यायचा असतो, तिथे डोक्यावर विसंबून भागत नाही.

स्वभाव बदलायचाच असेल, तर बदलाचं कारण सांगणारा सीन आधी जाऊ द्या.

आणि हरकत फोनवर घेऊ नका. मेलवर घ्या, तारखेसह जपून ठेवा. माझा मेल आजही आहे. त्याने काम परत मिळालं नाही, पण सासूला एका रात्रीत साक्षर मी केलं नव्हतं, एवढं त्यावरून कोणालाही दाखवता येतं.