पिन तुटते ती बरी

प्रश्न : अमेरिकेत जुना लष्करी एम-३५ए२ ट्रक घेतलाय. पुढच्या विंचची शिअर पिन सारखी तुटते. कडक पोलादी बोल्ट घालू का?

उत्तर : मुळीच नको. ही विंच सुमारे ४,५०० किलो ओढते, तेही ड्रमवर वायररोपचा पहिलाच थर असताना. वरच्या थरांवर ओढ घटते. भार वाढला की आधी पिन तुटावी, हीच योजना आहे. बोल्ट घातलात तर वायररोप तुटू शकते, आणि ती माणूस कापते. त्यापेक्षा स्नॅच ब्लॉक (कप्पी) झाडाला बांधून रोपचं टोक ट्रकच्या चासीला परत आणा : ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. मात्र झाडावरही दुप्पट ताण येतो. हे बहुतेकजण विसरतात. ड्रमवर चार-पाच वेढे राहू द्या. आसपास प्रेक्षक नकोत, व्हिडिओ काढणारे तर नकोतच.