मुलाखत, मन आणि शरीर

मुलाखतीच्या दालनात शिरताना छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते. घराण्यात प्रथमच नोकरीच्या मुलाखतीस सामोरे जाणारी आपली अनेक मुले-मुली यावरून ‘आपण या जागेला लायक नाही’ असा निष्कर्ष काढतात. शरीरशास्त्र मात्र वेगळेच सांगते.

कोणीतरी आपली पारख करीत आहे, हे मेंदूला जाणवताच अनुकंपी चेतासंस्था जागृत होते. अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते आणि काही क्षणांतच नाडी जलद होते. त्यामागोमाग कॉर्टिसॉल हे संप्रेरक हळूहळू वाढते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे नोकरीचा उमेदवार म्हणून बोलायचे व पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायची असते. निरोगी माणसांचेही कॉर्टिसॉल आणि हृदयाचे ठोके तीत वाढतात. म्हणजेच ही धडधड अपात्रतेची खूण नव्हे; ती शरीराची पूर्वतयारी होय.

पडद्यावरील मुलाखत तरी सोपी असते काय? हीच चाचणी व्हिडिओद्वारे घेतली असताही शरीर ताणाची प्रतिक्रिया देते. भेद आहे तो ताणाच्या स्वरूपात. प्रत्यक्ष भेटीत प्रवास, ताटकळणे आणि अनोळखी वातावरण यांचा भार असतो. पण समोरच्याची मान डोलणे, त्याची बसण्याची ढब यांवरून मेंदूला सहज संकेत मिळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-संवादाच्या थकव्याची चार कारणे मांडली: अतिनिकट भासणारे चेहरे व नजर, स्वतःचा चेहरा सतत दिसणे, हालचालीवरील बंधन आणि संकेत देण्या-घेण्यासाठी मेंदूला करावे लागणारे जादा श्रम. त्यात आवाज उशिरा पोहोचला, तर ती शांतता उमेदवाराला नापसंतीची वाटते.

यावरून तयारीची दिशा ठरते. प्रत्यक्ष मुलाखतीस वेळेआधी पोहोचावे आणि थोडे चालावे. ऑनलाइन मुलाखतीत स्वतःची चौकट झाकावी, उत्तर देताना कॅमेऱ्याकडे पाहावे, प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबावे. दोन्ही ठिकाणी श्वास सावकाश सोडावा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती स्वभावतः मंदावते. आनापानाचा सराव असलेल्यांना हे नवीन नाही.

संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेपायी मनाने करून घेतलेल्या दुःखाचा. धडधड हा पहिला बाण आहे. ‘मी नालायक’ हा दुसरा. पहिला टळत नाही. दुसरा टाळण्याचा अभ्यास करता येतो.

मात्र सारा भार उमेदवाराच्या मनावर टाकणे न्याय्य नाही. एका खोलीच्या घरात, कुकरच्या शिट्टीत आणि तुटक नेटवर्कवर मुलाखत देणाऱ्याला श्वासाचा उपदेश पुरत नाही. गावोगावच्या विहारांत व वाचनालयांत एक शांत खोली, एक संगणक आणि खात्रीची जोडणी मुलाखतीपुरती मोकळी ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनी परीक्षक होऊन सराव मुलाखती घ्याव्यात. अनोळखी नजरांची सवय आपल्याच माणसांत झाली, तर आपली मुले बाहेरच्या दालनात आपली गुणवत्ता निःसंकोच मांडू शकतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.