चाके टेकताच इंजिनाचा जोर वाढवणारा वैमानिक

बोरघाट उतरून शिळफाट्याला थांबणारी एस.टी. तुम्ही पाहिली असेल. गाडी थांबवायची तर चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि ब्रेक दाबतो. नौदलाच्या लढाऊ विमानाचा वैमानिक मात्र विमानवाहू नौकेच्या डेकवर चाके टेकताक्षणी इंजिन पूर्ण जोराने चालवतो! असे का, ते गणिताने पाहू.

समजा, नौकेच्या सापेक्ष विमानाचा वेग सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर आहे. विमानतळावर थांबायला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी असते. येथे ९० मीटरच मिळतात असे धरू. वेगाचा वर्ग ३६००. त्याला अंतराच्या दुपटीने, १८० ने भागले की मंदन येते २० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरणाच्या दुप्पट! सारा खेळ तीन सेकंदांचा. चाकांच्या ब्रेकना हे जमणारे नाही. म्हणून डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यांतल्या एकीत अडकतो. ही तार ताण देत देत सोडली जाते आणि डेकखालची यंत्रे विमानाची गतिज ऊर्जा शोषून घेतात.

पण आकडा चुकला तर? पुढे शंभर मीटर डेक उरला असेल तर तो दोन सेकंदांच्या आत संपेल. मंद चालणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर यायला याहून जास्त वेळ लागतो. आकडा अडकला की नाही, हे कळेपर्यंत वाट पाहणारा वैमानिक सरळ समुद्रात जाईल. म्हणून जोर आधीच द्यायचा. तार सापडली तर ती इंजिनाच्या जोरालाही पुरून उरते. नाही सापडली तर विमान पुन्हा उडते आणि फेरी मारून परत येते.

ही सवय अंगी बाणवणे सोपे नाही. निवडीसाठी बारावीला पदार्थविज्ञान व गणित लागते, पण तेवढे पुरत नाही. वैमानिक योग्यता चाचणीत नजर आणि हात यांचा मेळ पाहतात. तीत एकदा अनुत्तीर्ण झालेल्याला पूर्वी पुन्हा बसता येत नसे. नियम कठोर वाटे खरा, पण वरचे दोन सेकंद आठवा! उड्डाणाचे पहिले धडे मिळाल्यावरही थेट नौकेवर पाठवत नाहीत. गोव्यात दाभोळी येथे, आय.एन.एस. हंसा या नौदलाच्या तळावर, जमिनीवरच डेकची प्रतिकृती बांधलेली आहे. तारा तशाच, टोकाशी वर वळलेली उड्डाणपट्टीही तशीच. येथे आकडा चुकला तर पुढे पाणी नसते.

१८ मे १९६१ रोजी ले. ताहिलियानी जुन्या 'विक्रांत'वर उतरले. या नौकेवर विमान उतरवणारे ते पहिले भारतीय नौदल वैमानिक. पुढे ते नौदलप्रमुख झाले. त्या काळी दाभोळीची ही सोय नव्हती. भारतीय बनावटीच्या 'तेजस'च्या नौदल आवृत्तीने मात्र सप्टेंबर २०१९ मध्ये दाभोळीला तार पकडून दाखवली. मगच ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान भर समुद्रात 'विक्रमादित्य'वर उतरवले.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा. वेग सेकंदाला ६० ऐवजी ७० मीटर असेल आणि अंतर तेच, तर मंदन किती येईल?