मुलीला मंगळ, स्थळ पोलादपूरचं

प्रश्न : पोलादपूरच्या स्थळाशी मुलीचे २६ गुण जुळतात, पण तिला मंगळ आहे. नकार कळवावा का? – एक वाचक, महाड

उत्तर : ३६ गुण चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून मोजतात, मंगळ त्या हिशेबात येतच नाही. तो लग्नराशीपासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, १, ४, ७, ८ किंवा १२व्या स्थानी असला की पत्रिका मंगळाची. बारांतली पाच स्थानं! म्हणजे पाचांतली साधारण दोन मुलं मंगळाचीच. त्यात लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते. जन्मवेळ अंदाजे असेल तर मंगळाचं स्थानही अंदाजेच.

पत्रिकेवरून माणूस कळतो का, हेही तपासून झालंय. २००८मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना पत्रिकेवरून हुशार आणि मतिमंद मुलं ओळखायला सांगितली. अचूक उत्तरं ४६ टक्के. नाणेफेकीत पन्नास येतात.

तेव्हा मंगळामुळे नकार कळवू नये. पोलादपूर महामार्गाने जवळच आहे. मुलीला घेऊन मुलाला आणि घराला प्रत्यक्ष पाहून यावं.