शिक्रा व ससाणा : एक निसर्गपाठ

हा पाठ शाळेच्या अंगणातच घ्यावा. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांभोवतालच्या गावांतून आंब्या-चिंचेच्या झाडांवर शिक्रा बसलेला आढळतो. तो सुमारे कबुतराएवढा व राखी पाठीचा असतो. त्याचे पंख आखूड व गोलसर असल्यामुळे तो झाडांमधून चपळाईने झेपावतो व सरडे, उंदीर, टोळ, लहान पाखरे पकडतो. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारून उडते पाखरू हवेतच टिपतो.

पक्ष्यांच्या या स्वभावांचा मनुष्याने शिकारीसाठी उपयोग करून घेतला. 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या शिकारी पक्ष्यांची व त्यांच्या रखवालदारांची माहिती आहे. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने तर या विद्येवर 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथच रचला. ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला शांत ठेवीत. शिक्र्याला मुठीत धरून तितरावर किंवा लाव्यावर फेकीत.

मुलांना येथे एक गोष्ट अवश्य सांगावी. हा पक्षी मारून शिकत नाही. या हातावर घास मिळतो व इजा होत नाही, एवढे त्याला पटावे लागते. शिकारीसाठी सोडताच तो मोकळा असतो. परतणे न परतणे त्याच्याच हाती. म्हणून शिकविणाऱ्याच्या अंगी प्रथम धीर हवा. आपणां शिक्षकांस हे निराळे सांगावयास नको.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या देशात हे पक्षी पकडणे व मारणे गुन्हा आहे. तरीही मुलांच्या खिशात गलोल असतेच. शिक्रा क्वचित कोंबडीचे पिल्लू नेतो, म्हणून घरची माणसेही त्यांना अडवीत नाहीत. शेतातील उंदीर आणि टोळ खाणाराही तोच, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर गलोल आपोआप खाली येईल. जो धीर पूर्वी शिकाऱ्याला लागे, तोच आता निरीक्षणाला लावावा.

मुलांकडून करवून घ्यावयाचे काम :
1. आठवडाभर एका शिक्र्यावर दुरून नजर ठेवून त्याने काय पकडले ते वहीत लिहा. घरट्याजवळ जाऊ नका.
2. घार व शिक्रा यांच्या पंखांतील व शेपटीतील फरक चित्र काढून दाखवा.
3. 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा दिसण्यात शिक्र्यासारखा असतो. त्याला पाहून लहान पाखरे का बिथरत असतील?